सभासदांच्या वहीत नाव कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव फलकावर ‘स्थानिक समाजविकास व आर्थिक विकास घडवून आणणाऱ्या संस्थांचे प्रकार’ असे लिहिले आहे. नाव लांबलचक आहे. ते वाचताच आपल्यापैकी अनेकांनी वह्या उघडून समास आखले व एक, दोन, तीन असे आकडे घालून ठेवले, हे मी येथून पाहिले. त्या आकड्यांपुढे काय लिहायचे ते मी दोन मिनिटांत सांगून मोकळा होऊ शकतो. १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था, १९०४ च्या कायद्यापासून वाढत आलेली सहकारी संस्था, विश्वस्त कायद्याखालचा न्यास, १९९३ पासून घटनेचे अधिष्ठान मिळालेली पंचायत, बँकेशी जोडलेला बचतगट, २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आलेली शेतकरी उत्पादक कंपनी आणि मोठ्या कंपन्यांच्या नफ्यातील दोन टक्क्यांवर चालणारी प्रतिष्ठाने. झाली यादी. परंतु ही यादी पाठ करून आपण गावात गेलो, तर आपल्याला गावातले काहीही कळणार नाही. नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली यावरून संस्थेचा कागद ओळखता येतो. संस्थेत निर्णय कोण घेतो आणि शिल्लक कोणाच्या पदरात पडते, ते ओळखता येत नाही.

म्हणून मी आज वेगळी कसोटी मांडणार आहे. ती अगदी साधी आहे, आणि तिला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. संस्थेची सभासद-नोंदवही उघडावी आणि त्यातील नावे वाचावीत. मग संस्थेचे काम जेथे प्रत्यक्ष चालते त्या शेडमध्ये, शेतात किंवा गोठ्यात जावे आणि तेथे घाम गाळणारी माणसे मोजावीत. या दोन याद्या एकमेकींशी किती जुळतात, हे पाहावे. जेथे त्या जुळतात तेथे एक प्रकारची संस्था असते. जेथे जुळत नाहीत तेथे दुसऱ्या प्रकारची. बाकीचे भेद दुय्यम आहेत.

या दृष्टीने मला प्रथम केरळातील कण्णूरकडे जावेसे वाटते, कारण तेथे या दोन याद्या एका विशिष्ट वर्षी, एका संघर्षातून जवळ आल्या.

१९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांच्या कामाच्या अटींविषयीचा कायदा केला. भरपगारी रजा, प्रसूतीचा लाभ, कामाचे तास, शेडमधील हवा व उजेड अशा अगदी प्राथमिक गोष्टी त्यात होत्या. अंमलबजावणी मात्र राज्यांवर सोपवली होती, आणि बहुतेक राज्यांना तिची घाई नव्हती. केरळच्या मंत्रिमंडळाने १९६८ साली हा कायदा लागू करण्याचे ठरवताच मंगळूरच्या मोठ्या विडी कंपन्यांनी कण्णूर भागातील आपल्या शाखा बंद केल्या. कामगाराने शेडमध्ये येऊन काम करण्याऐवजी पान-तंबाखू घरी न्यावी आणि विड्या वळून आणून द्याव्यात, ही घरखात्याची पद्धत मालकांना सोयीची होती. कारण घरी बसलेल्या माणसाला कामगार ठरवणे अवघड, आणि कामगार ठरला नाही की कायदाही लागू होत नाही. (मालकांनी हा कायदा न्यायालयातही नेला, १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.) परंतु निकाल लागेपर्यंत चूल थांबत नाही. सुमारे बारा हजार कामगार एका झटक्यात रस्त्यावर आले.

येथे दोन मार्ग होते. एक म्हणजे मालकांची मनधरणी करून कायद्यावर पाणी सोडणे. दुसरा मार्ग धाडसाचा होता, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी अनेकांना तो भाबडेपणाचा वाटला असणार. फेब्रुवारी १९६९ मध्ये केरळ दिनेश विडी कामगार मध्यवर्ती सहकारी संस्थेची नोंदणी झाली. तिच्या खाली गावोगावच्या प्राथमिक संस्था होत्या. तेंदूपत्ता व तंबाखू खरेदी करणे आणि तयार माल विकणे हे मध्यवर्ती संस्थेचे काम. विड्या वळण्याचे काम प्राथमिक संस्थांच्या शेडमध्ये. बेकार झालेल्या कामगाराजवळ भागभांडवल कोठून असणार? म्हणून भागाच्या रकमेचा मोठा वाटा सरकारने कर्जाऊ दिला आणि तो पुढे हप्त्याहप्त्याने फेडून घेतला. सुरुवात सुमारे तीन हजार कामगारांनी झाली. नव्वदीच्या दशकापर्यंत ही संख्या तीस हजारांच्या वर गेली होती.

आकडा मोठा आहे, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. खासगी विडी धंद्यात देशभर ज्या कायद्याला पळवाटा शोधल्या जात होत्या, तोच कायदा या संस्थेने आपल्या शेडमध्ये पाळून दाखवला. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, सुट्ट्या, प्रसूतीचा लाभ. मालक सांगत होते की हे सगळे दिले तर धंदा बुडेल. धंदा बुडाला नाही. घरखाता नव्हता, म्हणून कामगार एकत्र बसत होते. एकत्र बसत होते म्हणून बोलत होते. कण्णूरच्या विडी शेडमध्ये एक जुना प्रघात होता. एक कामगार मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि त्याच्या वाट्याच्या विड्या इतर जण वळून देत. जो माणूस सकाळी जगाची बातमी ऐकतो आणि संध्याकाळी प्राथमिक संस्थेच्या संचालकाला नाव घेऊन प्रश्न विचारतो, त्याच्या हातातील सभासदत्वाला अर्थ येतो. पर्यवेक्षक आणि मुकादम यांची मोठी फौज त्या शेडवर बसवावी लागली नाही, याचेही कारण यातच आहे.

कण्णूरचा प्रयोग एकाकी नव्हता. त्याच मलबारमध्ये वडकरेजवळ ऊरालुंगल येथे १९२५ साली मोजक्या मजुरांनी मजूर कंत्राट सहकारी संस्था काढली होती. वाग्भटानंद या समाजसुधारकाच्या मागे जाऊन जातिभेद व कर्मकांड यांच्याविरुद्ध उभे राहिलेल्या मजुरांना गावच्या जमीनदारांनी काम नाकारले, तेव्हा त्यांनी काम देणारी संस्था स्वतःच उभारली. आज ती संस्था रस्ते आणि पूल बांधते, आणि तिने कोळिकोडला संगणक-उद्योगांसाठी मोठे संकुलही उभारले आहे. तसेच कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करायला घेतली तेव्हा १९५७-५८ मध्ये ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने बंगळूर, दिल्ली, त्रिशूर येथे बडतर्फ वाढप्यांनी व स्वयंपाक्यांनी सहकारी संस्था काढल्या. इंडियन कॉफी हाऊसमध्ये बसून क्रांतीची चर्चा करणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसते की त्यांना कॉफी आणून देणारा पगडीवाला हा त्या दुकानाचा एक मालक असतो.

आता महाराष्ट्राकडे येऊ. सहकाराचे नाव निघाले की आपल्याकडे साखर कारखान्याचे धुराडे डोळ्यांपुढे येते, आणि ते योग्यच आहे. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) लोणीजवळ प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून भाग जमवले, धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ अध्यक्षपदी बसला आणि १९५० साली कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. खासगी साखर कारखानदार उसाचा भाव ठरवणार आणि शेतकऱ्याने तो मुकाट्याने घ्यायचा, ही रीत या कारखान्याने मोडली. एका सभासदाला एकच मत, मग त्याचा ऊस दोन एकर असो वा वीस. त्यातून पुढे शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, पाणीपुरवठा योजना उभ्या राहिल्या. ज्यांना हे दिसत नाही त्यांनी पन्नास सालापूर्वीच्या त्या पट्ट्याचे वर्णन जुन्या माणसांकडून ऐकावे. मी या कर्तृत्वाला कमी लेखणार नाही.

पण आपली कसोटी लावून पाहा. सभासदांची वही उघडली तर तीत ऊस-उत्पादक आहेत. ऊस लावण्यासाठी जमीन हवी, त्या जमिनीला पाणी हवे. म्हणजे वहीची पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच गावातील अर्धी माणसे बाहेर राहिली. आणि आता फडात चला. ऊस तोडणारी माणसे बीडच्या, आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून आलेली. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे, उन्हाळा तोंडावर आला की परतायचे. मधले सगळे दिवस फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत. त्यांचे नाव सभासदांच्या वहीत नाहीच, कारखान्याच्या हजेरीपटावरही नाही. कारखाना वाहतूकदाराशी बोलतो, वाहतूकदार मुकादमाशी बोलतो, मुकादम उचल देतो, आणि घेतलेली उचल फिटेपर्यंत माणूस बांधला जातो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. म्हणजे पुरुषाचे नाव निदान मुकादमाच्या चिठ्ठीवर तरी असते. त्याच्याबरोबर पहाटे चारला फडात उतरणारी, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवणारी बाई त्या चिठ्ठीवरही नसते. ती कोयत्याचा अर्धा भाग असते.

बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली वर्तमानपत्रांतून पुढे आला, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कामाचा एक दिवस बुडाला की दंड, फडात शौचाला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही. मग डॉक्टर म्हणाला ‘काढून टाक’ की ती काढून टाकते. ही माणसे ज्या कारखान्यांचा ऊस तोडतात ते अनेक कारखाने सहकारी म्हणून नोंदलेले आहेत, त्यांच्या आवारात आदर्श रुग्णालयेही आहेत. माझा प्रश्न एवढाच आहे: या बाईचे नाव कोणत्याही वहीत असते, वर्षातून एकदा भरणाऱ्या सभेत तिला हात वर करता आला असता, तर पाळीच्या चार दिवसांचा विषय पन्नास-साठ वर्षे विषयपत्रिकेबाहेर राहिला असता काय?

सभेवरून आठवले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला मी पाहुणा म्हणून जाऊन बसलो होतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण तसे अनेक असतील. मंडप मोठा, जेवणाची व्यवस्था उत्तम. अहवाल वाचायला कार्यकारी संचालक उभे राहिले आणि पहिले वाक्य पुरे होण्यापूर्वीच मागून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर झाला. कर्जाच्या विषयावर एक म्हातारे सभासद उठून काही विचारू लागले, तर ध्वनिक्षेपक त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. सभा चाळीस मिनिटांत आटोपली. म्हणजे वहीत नाव असलेल्याचीही ही गत. अशा रीतीने सभासद गप्प बसले की काय होते ते पुढील काळात महाराष्ट्राने पाहिले: कर्जात बुडालेले कारखाने एकामागून एक लिलावात निघाले आणि खासगी मालकीचे झाले, तर २०११ साली रिझर्व्ह बँकेच्या कारवाईनंतर राज्य सहकारी बँकेवरच प्रशासक नेमावे लागले. शेतकऱ्याने भागाची पावती ट्रंकेत जपून ठेवली होती. कारखाना मात्र दुसऱ्याचा झाला.

याच्या उलट बाजूला गुजरातेतील आणंद ठेवून पाहा. १९४६ साली खेडा जिल्ह्यातील गवळी-शेतकऱ्यांनी पोल्सन डेअरीच्या मक्तेदारीविरुद्ध दूध घालणे बंद केले, त्रिभुवनदास पटेल यांनी गावोगाव दूध संस्था बांधल्या आणि डिसेंबरात जिल्हा संघाची नोंदणी झाली. वर्गीज कुरियन तेथे पुढे, १९४९ साली पोहोचले. हे मुद्दाम सांगतो, कारण अलीकडे एका व्यक्तीने सर्व काही घडवले अशी कथा सांगण्याची प्रथा आहे. दूध संस्थेचा सभासद होण्यासाठी जमीन लागत नाही, एक म्हैस पुरते. म्हणून भूमिहीन कुटुंबही त्या वहीत शिरू शकले, आणि उसाच्या सहकारापेक्षा दुधाचा सहकार अधिक खोल गेला. तरीही आपली कसोटी येथेही टोचतेच. म्हशीला चारा घालणारी, शेण काढणारी, धार काढणारी बाई. वहीत नाव नवऱ्याचे. दुधाचे पैसे त्याच्या हातात. या अनुभवातूनच पुढे अनेक राज्यांत केवळ स्त्रियांच्या दूध संस्था काढाव्या लागल्या.

स्त्रियांच्या प्रश्नावर मार्ग म्हणून बचतगट आले. १९९२ साली नाबार्डने पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम घेतला आणि आज देशात क्वचितच असे गाव असेल की जेथे गट नाही. गटात नाव बाईचेच असते. ही लहान गोष्ट नाही. परंतु गट हा शब्द एकच असला तरी त्याखाली दोन अगदी निराळ्या वस्तू आहेत. केरळात १९९८ मध्ये सुरू झालेल्या कुटुंबश्रीमध्ये शेजारच्या दहा-वीस बायकांचा गट, त्यावर प्रभागाची समिती, त्यावर पंचायतीच्या पातळीवरील समिती अशी निवडणुकीने चढत जाणारी उतरंड आहे, आणि ती पंचायतीच्या योजनेशी बांधलेली आहे. दुसरीकडे आंध्र प्रदेशात सूक्ष्म-वित्त कंपन्यांनीही बायकांचे गटच केले होते. तेथे बाई सभासद नव्हती, ती कर्जदार होती. आणि गटाचे काम एकमेकींना आधार देणे हे नसून एकमेकींकडून वसुली करणे हे होते. ऑगस्ट २०१० मध्ये देशातील सर्वांत मोठ्या सूक्ष्म-वित्त कंपनीने शेअरबाजारात भाग विकले. त्याच ऑक्टोबरात, आत्महत्यांच्या बातम्यांनी हादरलेल्या आंध्र सरकारला वसुलीला आळा घालणारा अध्यादेश काढावा लागला. दोन्ही ठिकाणी बायका गोलाकार बसल्या होत्या, दोन्ही ठिकाणी वही मधोमध होती. फरक वहीच्या मालकीत होता.

स्वयंसेवी संस्था आणि कंपन्यांची प्रतिष्ठाने यांच्याविषयी मी फार वेळ घेणार नाही. त्यांत प्रामाणिक माणसे खूप आहेत. दुर्गम भागात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला नावे ठेवणे हे माझ्याच्याने होणार नाही. पण न्यासाच्या वहीत विश्वस्त असतात, गावकरी ‘लाभार्थी’ असतात. लाभार्थ्याला आभार मानता येतात, विश्वस्त बदलता येत नाही. एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे कायद्याने आले. तो पैसा कोठे जावा ते कंपनीचे संचालक मंडळ ठरवते, आणि कारखान्याच्या कुंपणापासून दूर असलेल्या गावाला त्या मंडळाचा पत्ताही माहीत नसतो. याउलट छत्तीसगडमधील दल्ली-राजहरा येथे खाणकामगारांच्या संघटनेने १९८३ साली स्वतःच्या वर्गणीतून व श्रमदानातून शहीद रुग्णालय उभे केले. तेथे रोगी आणि मालक ही एकच माणसे होती, त्यामुळे औषध कोणते लिहायचे, किमतीचे की गरजेचे, हा वादही एका वेगळ्या पायावर झाला.

आता पंचायतीकडे वळू, कारण आपल्या कसोटीवर कागदोपत्री सर्वांत चांगली उतरणारी संस्था तीच आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास कार्यक्रम सुरू झाला तेव्हा गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक वरून आले; लोकांनी श्रमदान करावे, निर्णय मात्र साहेबांनी घ्यावा असे त्याचे रूप होते. बळवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये ही त्रुटी स्पष्टपणे मांडली. १९५९ साली राजस्थानात नागौरला पंचायत राज्याचे उद्घाटन झाले, महाराष्ट्रात १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. पश्चिम बंगालमध्ये १९७८ साली पंचायतीच्या निवडणुका पक्षांच्या चिन्हांवर झाल्या. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. केरळने १९९६ मध्ये राज्याच्या योजना-खर्चाचा पस्तीस ते चाळीस टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे देण्याचा निर्णय घेतला व गावोगाव सभा घेऊन त्याचे नियोजन केले. या सगळ्याच्या तळाशी ग्रामसभा आहे. ग्रामसभेची वही म्हणजे मतदारयादी. तीत नाव घालण्यासाठी भाग विकत घ्यावा लागत नाही, सातबारा लागत नाही, म्हैसही लागत नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून आणि २०११ मध्ये बांबू विक्रीचा परवाना स्वतःच्या ग्रामसभेच्या हाती घेऊन हे दाखवून दिले की अशी वही जिवंत असली तर जंगलखात्यालाही तिच्यापुढे यावे लागते.

पण थांबा. महाराष्ट्रात ज्या दिवशी ग्रामसभा भरवण्याचा रिवाज आहे त्यांतला एक दिवस २६ जानेवारी हा आहे. बीड जिल्ह्यातील एखाद्या तांड्यावर त्या दिवशी कोण असते? म्हातारी माणसे, आणि शाळेसाठी मागे ठेवलेली मुले. कोयते फडात असतात. मतदारयादीत नाव आहे, सभेत माणूस नाही. आणि त्याच सभेत पुढच्या वर्षाच्या कामांची यादी ठरून जाते. कारखान्याच्या सभेला तो मजूर म्हणून बाहेर राहिला, गावच्या सभेला स्थलांतरित म्हणून बाहेर राहिला. वर्षातले सहा महिने हा माणूस देशातील कोणत्याच संस्थेचा सभासद नसतो.

येथे कण्णूरचा उत्तरार्ध सांगितला पाहिजे, नाहीतर मी तुम्हांला अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. वही कामगारांच्या हाती आली म्हणून बाजार कामगारांच्या हाती येत नाही. दिनेश विडी कायद्याप्रमाणे मजुरी देत होती. शेजारच्या राज्यांत घरखात्यावर वळलेली विडी तिच्या निम्म्या मजुरीतही येऊ शकत होती. नव्वदीच्या दशकात विडीचा खप घटू लागला, १९९९ साली केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी केली, आणि शिकलेली मुले तंबाखूच्या धुळीत बसायला येईनात. ती येईनात याचे दुःख कोणी करू नये. ज्या मालाने पिणाऱ्याची आणि वळणाऱ्याची दोघांचीही फुप्फुसे खराब होतात, त्या मालावर कोणाचेही भवितव्य कायमचे बांधून ठेवणे बरोबर नव्हते. संस्थेने नारळाचे दूध, मसाले, छत्र्या, तयार कपडे, संगणक-सेवा अशा उद्योगांत पाय टाकला. विडीत जितक्या हातांना काम होते तितक्यांना या उद्योगांत मिळाले नाही, हे मान्य करावे लागेल. तरी एक फरक उरतो. १९६८ मध्ये शाखा बंद करणाऱ्यांनी कामगाराला एका दिवसात बाहेर काढले. येथे आकुंचन तीस वर्षे चालले, निवृत्त होणाऱ्याला त्याची देणी देत चालले, आणि काय करायचे याची चर्चा ज्यांच्या पोटावर येणार होते त्यांच्याच सभेत झाली.

आपल्या सोलापुरात विडीचा कारखाना मालकांकडेच राहिला. तेथे संघटन घराच्या बाजूने झाले. विडी कामगार स्त्रियांनी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली गृहनिर्माण सहकारी संस्था काढली, कुंभारीजवळ माळावर दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली, आणि २००६ साली त्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना झाली, तिच्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी ताब्यात दिली गेली. विडी वळताना त्या बाईचे शंभरातले दहा-वीस नग छाट म्हणून बाजूला काढले जातात आणि त्याबद्दल तिला बोलता येत नाही. संध्याकाळी ती ज्या घरात परतते त्या घराच्या संस्थेत मात्र ती भागधारक आहे. एकाच बाईच्या दिवसाचे हे दोन भाग आहेत. दुसऱ्या भागातला आवाज पहिल्या भागात कसा न्यायचा, यावर सोलापूरच्या साथींनी आपल्याला सांगावे. मी सांगण्यापेक्षा त्यांचा अधिकार मोठा.

वेळ झाली आहे, पण मराठवाड्यातून आलेल्या एका ताईंची चिठ्ठी माझ्यापुढे आहे, तिचे उत्तर देतो. त्या लिहितात: “गावात शेतकरी उत्पादक कंपनी निघते आहे. आमच्या गटातल्या बायका शेळ्या पाळतात, पण कोणाच्याच नावावर जमीन नाही. सभासद होण्यासाठी सातबारा आणा म्हणतात. आम्ही काय करावे?”

ताई, २०२० साली केंद्राने अशा दहा हजार संस्था उभ्या करण्याची योजना आणली, तेव्हापासून ही मागणी जागोजाग ऐकू येते. कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. उत्पादक कंपनीच्या कायद्यात ‘उत्पादक’ या शब्दात पशुपालन करणारा येतो, हातमाग चालवणारा येतो, हस्तकला करणाराही येतो. जमीन असली पाहिजे असे कायद्यात नाही. सातबाऱ्याची अट कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीत कोणीतरी घातलेली असेल किंवा नुसतीच तोंडी सांगितलेली असेल. म्हणून प्रथम नियमावलीची छापील प्रत मागा. अट तीत नसेल तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. अट तीत असेलच, तर दहा उत्पादक मिळून नवी कंपनी नोंदवता येते, आणि तुमच्या गटात दहा जणी नक्की आहेत. सभासद व्यक्ती असतील तर भाग कितीही असोत, मत एकालाच एक.

आणि कोणत्याही वहीत नाव लागले तरी, तिची वार्षिक सभा सप्टेंबरात ठेवा असा ठराव पहिल्याच बैठकीत मांडा. तुमच्यातल्या निम्म्या जणी ऑक्टोबरात कोयत्यावर जातात.